दुकान, संकेतस्थळ आणि मार्केटप्लेस यांचा साठा एका शिलकीवर आणताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : इतवारीत साड्यांचे पिढीजात दुकान आहे, दोन वर्षांपासून वूकॉमर्स या ऑनलाइन विक्रीच्या सॉफ्टवेअरवर स्वतःचे संकेतस्थळ चालते आणि सुमारे चारशे प्रकारच्या साड्या ॲमेझॉन व फ्लिपकार्टवरही लावलेल्या आहेत. गेल्या दिवाळीत एकच करवती साडी संकेतस्थळावर आणि मार्केटप्लेसवर अशी दोनदा विकली गेली आणि एक ऑर्डर आपल्याला रद्द करावी लागली. आता दर पंधरा मिनिटांनी साठा जुळवणारे प्लगिन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, घ्यावे का, साठ्याची मूळ नोंद टॅलीत ठेवावी का, आणि मार्केटप्लेसच्या ऑर्डर संकेतस्थळावर ओढून घ्याव्यात का, असे आपण विचारले आहे. नागपुरातल्या व्यापाऱ्यांसाठी हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण ती एकाच निर्णयावर अवलंबून आहेत, म्हणून आधी त्या निर्णयाविषयी लिहितो.

समजा, एका साडीचे पाच नग आहेत आणि संकेतस्थळावर व मार्केटप्लेसवर दोन्हीकडे पाच हा आकडा दिसतो आहे. सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी संकेतस्थळावर एक नग विकला गेला आणि तिथे चार उरले. दहा वाजून पाच मिनिटांनी मार्केटप्लेसवर एक विकला गेला आणि तिथेही चार उरले. सव्वादहाला प्लगिन जागे होते, दोन्हीकडे चार पाहते आणि सारे जुळले आहे असे समजून पुढे जाते. प्रत्यक्षात कपाटात तीनच नग आहेत. दोन आकडे एकमेकांशी जुळले, पण दोन्ही चुकीचे आहेत, आणि हे प्लगिन पंधराऐवजी पाच मिनिटांनी चालवले तरी ही चूक कमी वेळा घडेल एवढेच, नाहीशी होणार नाही. आपल्या करवती साडीचे जे झाले ते याच जातीचे आहे.

म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे उतरवणे ही पद्धतच सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरात रोजकीर्द आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली असेल. साठ्यालाही तोच न्याय लावावा. प्रत्येक हालचालीची एक ओळ असावी : कोणत्या तारखेला आणि वेळी, कोणत्या एसकेयूचे (म्हणजे मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचे), किती नग, आत आले की बाहेर गेले, कोणत्या दारातून (म्हणजे विक्रीच्या कोणत्या ठिकाणाहून), कोणत्या ऑर्डर क्रमांकाखाली आणि कशासाठी. शिल्लक कुणी हाताने लिहायची नाही. ती या ओळींच्या बेरीज-वजाबाकीतून निघेल, आणि तीच शिल्लक सगळ्या दारांवर पाठवली जाईल. संकेतस्थळ आणि मार्केटप्लेस यांनी शिल्लक सांगायची नाही, त्यांनी फक्त घडलेली विक्री कळवायची. वरच्या उदाहरणात दोन विक्रींच्या दोन ओळी पडल्या असत्या, शिल्लक तीन निघाली असती आणि दोन्हीकडे तीन गेले असते.

या नोंदवहीत एक ओळ दोनदा पडता कामा नये, ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. विक्रीची सूचना पाठवणाऱ्या यंत्रणा, म्हणजे वेबहुक, यांपैकी अनेक उत्तर वेळेत न मिळाल्यास तीच सूचना पुन्हा पाठवतात. ऑर्डर ओढून आणणारे प्रोग्रॅमही मध्येच तुटले तर मागचा काही भाग पुन्हा वाचतात. माझ्याच एका कामात, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका उत्पादकाकडे, एका रात्री इंटरनेट सतत तुटत राहिले आणि सकाळी पाहतो तर एकाच ऑर्डरचे नग तीन-तीनदा वजा झालेले होते. गोडाऊन भरलेले असताना संकेतस्थळावर माल संपल्याची पाटी लागली होती. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीला एक खूण देतो : दाराचे नाव, ऑर्डर क्रमांक, ऑर्डरमधल्या त्या वस्तूचा स्वतंत्र क्रमांक आणि हालचालीचा प्रकार, हे चारही जोडून. डेटाबेसलाच सांगून ठेवावे की ही खूण एकदाच स्वीकारायची. मग तीच सूचना दहा वेळा आली तरी शिल्लक एकदाच बदलते, आणि शंका आली की मागचे चार दिवस निर्धास्तपणे पुन्हा वाचून घेता येतात. ही सोय घेऊ पाहत असलेल्या प्लगिनमध्ये आहे का, हे विक्रेत्याला नेमके विचारावे. उत्तर गोलमोल आले तर ते प्लगिन घेऊ नये.

आता ही नोंदवही ठेवायची कुठे? टॅलीत ठेवू नये, असे मी सुचवेन. टॅली हिशेबासाठी उत्तम आहे आणि कर सल्लागाराला तेच हवे असते, परंतु बहुतेक दुकानांत ते काउंटरमागच्या संगणकावर असते आणि रात्री दुकान वाढवताना तो संगणक बंद होतो. ऑनलाइन गिऱ्हाईक मात्र रात्री अकराला निवांत बसून साडी निवडते. आपल्या आकाराच्या व्यवसायाला वूकॉमर्सचाच साठा मूळ धरून त्याच्या मागे हालचालींचे एक टेबल ठेवणे पुरेसे आहे. दारे पाच-सहा झाली, गोडाऊन दोन झाली, की युनिकॉमर्स किंवा इझीइकॉमसारखे खास याच कामाचे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार करावा. टॅलीत दिवसअखेरची बेरीज जाऊ द्यावी.

यापुढे जे लिहितो आहे त्यावर व्यापाऱ्यांचे लक्ष सहसा सर्वांत शेवटी जाते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गळती तिथेच असते. आपण संकेतस्थळ आणि मार्केटप्लेस अशी दोन दारे मोजली, पण तिसरे दार आपले काउंटर आहे. लग्नसराईत उमरेडहून किंवा भंडाऱ्याहून आलेल्या कुटुंबाने चाळीस साड्या उलगडून त्यातल्या बारा बांधून घेतल्या, बिल कच्चे झाले आणि ते संध्याकाळी टॅलीत चढले, तर त्या बारा साड्या पाच-सहा तास इंटरनेटवर विक्रीला उभ्याच राहिल्या. कोणतेही प्लगिन यावर उपाय करू शकत नाही. उपाय इतकाच की साडी घडी करून पिशवीत जाण्याआधी तिच्या बारकोडवर स्कॅनर फिरला पाहिजे आणि त्या क्षणी नोंदवहीत ओळ पडली पाहिजे. दुकानातल्या जुन्या जाणत्या मंडळींना हे सुरुवातीला जड जाते. त्यांना बाजूला न सारता, स्कॅनिंगसाठी काउंटरच्या टोकाला एक वेगळा माणूस बसवावा, म्हणजे साडी दाखवण्याची त्यांची लय मोडत नाही. पसंतीसाठी घरी पाठवलेल्या साड्यांचीही अशीच ओळ पडावी : त्या विकल्या गेलेल्या नसल्या तरी कपाटात नाहीत, आणि ऑनलाइन गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एवढेच खरे आहे.

यातूनच आपल्या पंधरा मिनिटांच्या प्रश्नाचे उत्तर निघते. एकसारखे वीस-तीस नग असलेल्या मालाला पंधरा मिनिटांचे अंतर चालते, फक्त काही नग हातचे राखून ठेवावे लागतात. किती राखायचे, याचा हिशेब सोपा आहे : गेल्या हंगामातल्या सर्वांत धावपळीच्या दिवशी त्या एसकेयूचे सगळ्या दारांमिळून पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त किती नग गेले ते पाहावे आणि तेवढे नग मार्केटप्लेसला दाखवू नयेत. तीन गेले असतील तर शिल्लक वीस असताना तिथे सतरा दाखवावेत.

पण मोहाडी-आंधळगावच्या मागावरून आलेली टसरची करवती साडी एकच असते. त्या रंगाच्या अंगाला त्या किनारीची दुसरी साडी गोडाऊनमध्ये नसते. एकातून एक राखला तर शून्य उरते. अशा एकनगी मालासाठी मी दोनच मार्ग मानतो. एक, ती साडी फक्त एकाच ऑनलाइन दारावर लावावी. आणि हातमागाचा माल समजावून, मागाची आणि विणकराची माहिती देऊन विकायचा असतो म्हणून ते दार आपले स्वतःचे संकेतस्थळ असावे. काउंटर तरीही उरतेच, म्हणून ऑनलाइन लावलेली साडी वेगळ्या कपाटात ठेवावी आणि ती दाखवायची झाल्यास आधी स्कॅन करून थांबवावी. दुसरा मार्ग म्हणजे विक्रीची सूचना येताच, वेळापत्रकाची वाट न पाहता, बाकीच्या दारांवर शून्य पाठवणारी व्यवस्था करणे. ती शक्य आहे, पण पूर्ण निर्धोक नाही, कारण मार्केटप्लेसने बदल स्वीकारल्याचे उत्तर देणे आणि तो बदल प्रत्यक्ष पानावर दिसणे यांत वेळ जातो. मी आपल्या जागी असतो तर पहिला मार्ग घेतला असता.

जास्त दाखवण्याची चूक आणि कमी दाखवण्याची चूक सारख्या वजनाच्या नाहीत. कमी दाखवले तर एखादी विक्री हुकते. जास्त दाखवले तर ऑर्डर रद्द करावी लागते, आणि ॲमेझॉन विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरचे प्रमाण 2.5 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अपेक्षा करते. आठवड्याला चाळीस ऑर्डर असलेल्या विक्रेत्याची एक रद्द ऑर्डर म्हणजेच 2.5 टक्के होतात. छोट्या दुकानाला ही मर्यादा किती लवकर गाठते, हे यावरून लक्षात यावे.

आता ऑर्डर ओढून घेण्याविषयी. घ्याव्यात, पण काही पथ्ये पाळून. ॲमेझॉनवर ऑर्डर पडल्यावर पैशाची खातरजमा होईपर्यंत ती ‘पेंडिंग’ अवस्थेत असते. त्या वेळी तिच्यात गिऱ्हाइकाचा पत्ता नसतो आणि ती पाठवायचीही नसते, म्हणून अनेक प्लगिने तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हे चुकीचे आहे. तो नग अडकलेला आहे. आपण तो न वजा करता शिल्लक पाठवली तर तोच नग पुन्हा विक्रीला उभा राहतो. पेंडिंग ऑर्डरची ओळ ‘राखीव’ म्हणून लगेच पडावी, ऑर्डर पक्की झाली की तीच ओळ ‘विक्री’ व्हावी, आणि रद्द झाली तर उलट ओळ पडावी.

ऑर्डर मागताना ‘अमुक वेळेनंतर तयार झालेल्या’ असे न मागता ‘अमुक वेळेनंतर बदललेल्या’ असे मागावे, नाहीतर नंतर रद्द झालेल्या ऑर्डर कळतच नाहीत. शिवाय प्रत्येक वेळी मागच्या फेरीच्या थोडे आधीपासून वाचावे. दुबार ओळ नोंदवही घेणारच नाही, त्यामुळे त्यात धोका नाही. वेळ आंतरराष्ट्रीय मानकात द्यायची असते, आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळी साडेसहाची वेळ असते. आपल्या घड्याळातली वेळ तशीच पाठवली तर प्रोग्रॅम साडेपाच तास पुढच्या ऑर्डर मागतो आणि त्याला काहीच मिळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत हातच्या ऑर्डर नजरेआड राहतात. अशी चूक मी एकाहून अधिक ठिकाणी दुरुस्त केली आहे.

वूकॉमर्सच्या बाजूनेही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वूकॉमर्स ज्यावर चालते त्या वर्डप्रेसची वेळापत्रकी कामे मुळात कुणी पान उघडले तरच चालतात. पहाटे कुणी फिरकले नाही तर पंधरा मिनिटांचे काम दोन तासांनी होते. सर्व्हरच्या घड्याळावर खरे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय, लावून घ्यावे. आणि वूकॉमर्सचे वेबहुक पाचांहून अधिक वेळा लागोपाठ अयशस्वी झाले तर ते आपोआप बंद केले जाते, म्हणून फक्त वेबहुकवर विसंबू नये. सूचना आल्या तर तत्काळ, आणि न आल्या तरी दर काही मिनिटांनी विचारून, असे दोन्ही ठेवावे.

ओढून आणलेली ऑर्डर संकेतस्थळात शिरली की संकेतस्थळ तिला आपलीच समजते. ते गिऱ्हाइकाला आपल्या नावाने ईमेल आणि संदेश पाठवते, बिल काढते, कुरिअर ठरवते. हे तिन्ही बंद करावे. मार्केटप्लेसचे गिऱ्हाईक तिथल्या नियमांखाली आलेले असते आणि आपल्या प्रचारासाठी त्याच्याशी संपर्क साधण्यास मार्केटप्लेसची मनाई असते. पार्सलावर लेबल मार्केटप्लेसचेच लागणार असेल तर दुसरे कुरिअर ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. बिलाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे : त्या विक्रीचे आपल्या जीएसटी क्रमांकावरचे बिल मार्केटप्लेसवर निघालेले असताना संकेतस्थळानेही बिल काढले तर एकच विक्री विवरणपत्रात दोनदा जाते. मार्केटप्लेस आपल्या विक्रीवर जो टीसीएस, म्हणजे जीएसटीखाली उगमस्थानी गोळा होणारा कर, कापून भरते, आणि ज्याचा दर 10 जुलै 2024 पासून 1 टक्क्यावरून 0.5 टक्क्यावर आला आहे, त्याच्या आकड्याशी मग आपली विक्री जुळत नाही आणि त्याचा खुलासा करत बसावे लागते. आणलेल्या ऑर्डरवर मार्केटप्लेसचाच ऑर्डर व बिल क्रमांक नोंदवावा आणि संकेतस्थळाची बिलमालिका फक्त संकेतस्थळाच्या विक्रीसाठी ठेवावी.

परतीच्या मालाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरमध्ये दारातून परत फिरणारी पार्सले बरीच असतात. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले की ऑर्डर रद्द झाल्याची सूचना येते. वूकॉमर्समध्ये ऑर्डर ‘रद्द’ केली की साठा त्याच क्षणी वाढतो. साडी मात्र अजून गुवाहाटीच्या किंवा कोईमतूरच्या कुरिअर केंद्रात पडून असते आणि इतवारीत पोहोचायला आठवडा लागतो. तो नसलेला नग पुन्हा विकला जातो. म्हणून रद्द होण्याने पैशाची बाजू बंद व्हावी, साठ्याची नव्हे. पार्सल हाती आले, उघडले, घडी, पदर, ब्लाउजपीस आणि डाग पाहिले, मग ‘विक्रीयोग्य’, ‘दुरुस्तीला’ किंवा ‘बाद’ यांपैकी एक शेरा मारून ओळ टाकावी आणि पहिल्या शेऱ्याचेच नग शिलकीत यावेत. साडी बांधण्याआधीच ऑर्डर रद्द झाली असेल तर मात्र नग लगेच परत घ्यायला हरकत नाही. पार्सल कुरिअरच्या ताब्यात गेले होते की नाही, एवढी एक खूण हा फरक करायला पुरते.

एसकेयूचे नाव सगळ्या दारांवर अक्षरशः एकच असावे. मोरपिशी आणि रामा हे रंग आपल्या डोळ्यांना वेगळे दिसतात, पण तीन वेगवेगळ्या मुलांनी तीन ठिकाणी लिस्टिंग केले की एकाच साडीची तीन नावे होतात. एसकेयूत रंगाचे नाव न घालता साधा क्रमांक द्यावा आणि त्याची सुरुवात अक्षराने करावी, कारण एक्सेल सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते आणि 890 ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड मोडक्या रूपात दाखवते. मग तीच फाइल मार्केटप्लेसवर चढते. दोन साड्यांचा संच विकत असाल तर संचाला स्वतःची शिल्लक देऊ नये. त्यातल्या साड्यांच्या शिलकीतून जो सर्वांत कमी, तेवढेच संच. मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये पाठवलेला माल हा निराळा साठा आहे, तो इतवारीच्या शिलकीत कधीही मिसळू नये.

रोज रात्री एक ताळमेळ लावावा : नोंदवहीची शिल्लक, आणि प्रत्येक दारावर दिसणारा आकडा. फरक असलेले एसकेयू सकाळी आपल्या फोनवर यावेत. दारावर जास्त दिसत असेल तर प्रोग्रॅमने आपणहून कमी करावे. कमी दिसत असेल तर माणसाने कारण पाहिल्याशिवाय वाढवू नये. शिवाय रोज दहा-बारा एसकेयू कपाटातून प्रत्यक्ष मोजावेत, म्हणजे चारशेंची फेरी सव्वा महिन्याच्या आसपास पूर्ण होते.

हे सारे सुरू करण्यासाठी पितृपक्षासारखा काळ नाही. नवे कापड घ्यायला त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक सहसा येत नाही, विक्रेते मोकळे असतात आणि नवरात्राला अजून अवकाश असतो. पहिल्या आठवड्यात सगळा माल मोजून प्रत्येक नगाला बारकोड लावावा. मोजणी संपेल त्या रात्री दुकान बंद झाल्यावर संकेतस्थळ, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या तिन्ही ऑनलाइन दारांवर शून्य पाठवावे, दुसऱ्या दिवशी पेंडिंग आणि न पाठवलेल्या ऑर्डरच्या ओळी नोंदवहीत टाकाव्यात, मग मोजलेली शिल्लक उघडावी. आणि तीही आधी वीस एसकेयूंचीच. त्यातल्या एका साडीची ऑर्डर घरच्या फोनवरून आपल्या संकेतस्थळावर टाकावी, मार्केटप्लेसवरचा आकडा किती वेळात उतरतो ते घड्याळ लावून पाहावे, ऑर्डर रद्द करावी आणि तो पुन्हा चढतो का ते पाहावे. त्याच साडीचे एक पार्सल परत आल्याचे दाखवून तपासणीचा शेराही मारून पाहावा. आठ दिवस या वीस एसकेयूंची शिल्लक रोज कपाटाशी जुळली तर उरलेले तीनशे ऐंशी घटस्थापनेच्या आत उघडता येतील. न जुळली तर यंदाचा हंगाम त्या वीसवरच काढावा आणि बाकीचा माल मार्केटप्लेसवर बंद ठेवून संकेतस्थळावर व काउंटरवर विकावा.